होडीच्या गणितातला जास्तीचा माणूस

चुकलेलं गणित मला बरोबर गणितापेक्षा जास्त आवडतं. माझ्याबरोबर नोकरी केलेल्या बाया हे वाचून हसतील. म्हणतील, जन्मभर पोरांचे कान उपटले आणि आता बघा म्हातारीला काय सुचतंय! पण खरं तेच सांगते. बरोबर उत्तर आलं की पोर गप्प आणि बाईही गप्प. दोघांचं काम संपलं. उत्तर चुकलं की मात्र त्यामागे एक वाट असते. पोर त्या वाटेने चालत कुठेतरी पोचलेलं असतं, आणि ते कुठून कसं गेलं हे विचारल्याशिवाय कळत नाही. 'कसं आणलंस?' एवढंच विचारायचं. तेही दरडावून नाही, शेजारणीला भाजीची कृती विचारतो तसं.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिथे शिकवली ती मांडणी, रीत, उत्तर आणि उत्तराखाली दोन रेघा. मी दिवेआगरची, सुपारीच्या वाडीत वाढलेली, आणि पहिली नेमणूकही तिथेच. एकदा वर्गात गणित घातलं: एका पोफळीवर चढून सुपारी उतरवायला गड्याला दहा मिनिटं लागतात, तर बारा पोफळींना किती? सगळ्यांनी दोन तास सांगितलं. एकाने सांगितलं, अर्धा तास. मी विचारलं, "कसं आणलंस रे?" तर म्हणतो, "बाई, गडी दर वेळी खाली कशाला उतरतोय? वरच झोका घेतो नि बाजूची पोफळ धरतो." मला हसूच आलं. रोज डोळ्यांनी बघत होते आणि गणितात मात्र त्या गड्याला उगाच बारा वेळा खालीवर करत होते! त्याला मी पूर्ण गुण दिले, आणि बाकीच्यांनाही दिले.

ज्यांनी कधी शिकवलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नुसती बेरीज-वजाबाकी पोरं करतात, पाढेही घडाघडा म्हणतात. अडतात ती इबारती गणितांना, म्हणजे ज्यात आकड्यांभोवती गोष्ट असते. गोष्ट कानावर पडली की पोरं आकडे तेवढे उचलतात आणि दिसेल ते करून टाकतात; मोठे आकडे असले की भागाकार, छोटे असले की गुणाकार. म्हणून मी आधी आकडे काढूनच टाकायची. 'कोणीतरी काहीतरी आणलं, काही जणांत वाटलं. आता सांगा, काय झालं?' पोरांनी गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची, पाटीवर चित्र काढायचं, मग उत्तराचा अदमास बांधायचा आणि सगळ्यात शेवटी आकडे घ्यायचे. दिपोटी साहेब, म्हणजे शाळाखात्याचे इन्स्पेक्टर, तपासणीला आले की वैतागायचे. "बाई, हा गणिताचा तास आहे की कीर्तनाचा?" मी म्हणायची, "साहेब, आख्यान संपलं की आरती येईलच."

तर स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, माझी बदली खाली एका कोळीवाड्याच्या शाळेत झाली. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांना ते आवडायचं नाही. शाळा म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेली एक जुनी वखार. भरती आली की जोत्याखाली पाणी शिरायचं आणि जमिनीखालून कोणीतरी जड वस्तू ओढत नेल्यासारखा आवाज यायचा. पोरांना त्याचं काहीच नव्हतं. मला मात्र पहिले काही दिवस पाय वर घेऊन बसावंसं वाटे. सहावी-सातवी एकत्र, आणि त्या वर्गाचं गणित माझ्याकडे, कारण दुसऱ्या कोणाला ते नको होतं.

दिवाळी होऊन गेली होती. म्हटलं, गावचंच गणित घालू या. एका होडीत सहा माणसं, बेचाळीस बांगडे मिळाले, सारखे वाटले, प्रत्येकाला किती? सोपं गणित, ओळख करून घ्यायला घातलेलं. पाट्या वर झाल्या. सगळ्या पाट्यांवर सहा. एका पाटीवर सुद्धा सात नाही.

मी म्हटलं, झालं, वर्ग नकलखोर दिसतोय. सगळ्यांना लांब लांब बसवलं, काहींना ओटीवर पाठवलं आणि तसंच दुसरं गणित घातलं. होडीत आठ माणसं, बहात्तर बांगडे. नऊ यायला हवेत. सगळ्यांचे आठ आले. आता माझा पारा चढायला लागला होता, पण म्हटलं थांब बाई, घाई नको. होडी काढून टाकली. आठ मुलांत बहात्तर आंबे वाटले. पाट्या वर झाल्या आणि सगळ्यांवर नऊ! भागाकार पोरांना चोख येत होता. नुसती होडी आली की त्यांचा भागाकार चुकत होता, आणि सगळ्यांचा अगदी एकसारखा.

पोरं एक वाटा जास्त धरतायत, हे कळण्याएवढी हुशारी माझ्यात होती. वाटलं, होडीचा वाटा! मासळी वाटताना होडीचा, जाळ्याचा वेगळा वाटा काढतात हे समुद्रकाठच्या कोणालाही ठाऊक असतं. म्हणून फळ्यावर स्वच्छ लिहिलं, 'होडीचा व जाळ्याचा वाटा आधीच काढून ठेवला आहे.' होडीत चार माणसं आणि चोवीस बांगडे. आता बघू, म्हटलं. उत्तर आलं, प्रत्येकी चार आणि चार शिल्लक. नीट सहा जात असताना पोरांनी शिल्लक ठेवली, पण पाचानेच भागलं.

पहिल्या रांगेत कमळी बसायची. सातवीतली, अंगाने किरकोळ, आणि गणिताची अशी आवड की मधल्या सुट्टीतही माझ्याकडे गणित मागायची. मी तिच्यापाशी गेले. "कमळे, कसं आणलंस?"

"पाचानं भागलं."

"माणसं किती सांगितली मी?"

"चार."

"मग पाचवा कोण?"

सगळा वर्ग खाली बघत होता. माझ्या पाठीमागे शाळेचा समुद्राकडचा दरवाजा होता, आणि कमळी तेवढी माझ्या खांद्यावरून तिकडे बघत होती. मी वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं, उन्हात नुसती वाळू दिसत होती. पण मी परत वर्गाकडे वळले तशी मागच्या बाकावरची मुलगी हळूच सरकली आणि तिने कडेला जागा केली. हे मी पाहिलं. आता कोणी म्हणेल भास, तर म्हणो.

दुसऱ्या दिवशी दुपारी होड्या लागल्या तेव्हा मी किनाऱ्यावर गेले. तिथे मासळीचे वाटे करायची एक पद्धत आहे. वाळूत सारख्या राशी मांडतात. एकजण राशींकडे पाठ करून उभा राहतो, दुसरा एकेका राशीवर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कुणाचा?" पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव घेतो, आणि ज्याचं नाव तो "हाय" म्हणतो. कोणाला भांडायला जागाच नाही. धर्मा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या; त्याच्या होडीवर चार माणसं होती. होडीचा वाटा आधीच बाजूला काढलेला, तरी राशी पाच होत्या. पुकारायला बाजूच्या होडीवरचे दोघे, ही चार माणसं एका बाजूला उभी, आणि त्यांच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी. जाताना-येताना ते त्या जागेला वळसा घालून जात होते.

"ह्यो कुणाचा?"

"धर्माचा."

"हाय."

असं चार वेळा झालं. मग पाचव्या राशीवर बोट गेलं.

"ह्यो कुणाचा?"

"पोशाचा."

"हाय."

मी चौघांच्या तोंडांकडे बघत होते. चौघांची तोंडं मिटलेली होती. आवाज लांबून आला नव्हता, त्या मोकळ्या जागेतून आल्यासारखा आला, आणि थोडा घोगरा होता. मग कमळी टोपली घेऊन आली, तिने पाचवी रास भरून घेतली, त्या जागेकडे बघून मान हलवली आणि घरी गेली. आजूबाजूच्या होड्यांपाशीही तेच चाललं होतं. प्रत्येकीपाशी एक रास जास्त होती, आणि ती घ्यायला कोणी आलं नाही म्हणून परत पाण्यात सोडून देत होते.

मी धर्मा तांडेलाला गाठलं. पिकलेल्या मिशांचा, शांत माणूस. त्याला म्हटलं, "मी आत्ता कोणाचा तरी आवाज ऐकला."

"तुमी काय बी ऐकलं न्हाय, बाई," तो म्हणाला. मग जाळं आवरत म्हणाला, "आमी पन न्हाय ऐकत."

त्यानेच मग सांगितलं. पोशा म्हणजे कमळीचा बाप. दिवाळीनंतर जाळं ओढताना होडीवरून गेला. शोधलं, प्रेत काही लागलं नाही. असा माणूस राहिला की पुढच्या नारळी पुनवेपर्यंत तो होडीतच धरायचा, अशी त्या गावची चाल. पुनवेला दर्याला नारळ दिला की त्याला मोकळा करायचा. "आन् दर्यात ऱ्हायलेला मानूस कंच्या होडीला हात घालील काय सांगावं? म्हनून समद्या होड्यांत एक वाढवायचा. न्हाय वाढवला तर तो बोलेल, मला इसरलं." हे बाहेरच्याला सांगायचं नाही, आणि मोठ्याने बोलायचंही नाही. पोरांना न सांगता ठाऊक असतं.

मी नास्तिक नाही आणि भोळीही नाही. तेव्हा तर तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. घरी येऊन चहा केला तर दोन कप भरले. एक कोणासाठी, हे ध्यानात आलं आणि दोन्ही कप तसेच गार झाले.

आता खरी अडचण. कमळी त्या वर्षी फायनलला बसणार होती, आमच्या शाळेतून ती एकटीच. सातवीची ही परीक्षा पास झालं की ट्रेनिंगला जाता येई, मास्तरीण होता येई. तिचा मामा पावसाळ्यापूर्वी तिचं लग्न उरकायला निघाला होता. आई, हिराबाई, मासळी सुकवण्याच्या कामावर जायची. तिने भावाला ठणकावून सांगितलं होतं, "एकदा बसू दे पोरीला. झाली पास तर शिकंल, न्हाय तर तुझी मर्जी." दुसरी संधी नव्हती. आणि आमच्या जिल्ह्याच्या गणिताच्या पेपरात होडी हमखास असायचीच. कधी वाटणीची, कधी प्रवाहाविरुद्ध जाणारी. पेपर काढणाऱ्यांना वाटे, कोकणातल्या पोरांना होडी घातली की सोपं जाईल. घाला मेल्यांनो!

मी कमळीला शाळा सुटल्यावर शिकवायला लागले. बाकी सगळं झरझर. त्रैराशिक, व्याज, काळ-काम-वेग, कशाला म्हणून अडायची नाही. होडीपाशी आलो की थांबायची. एकदा मी म्हटलं, "अगं, होडीला होडी म्हणूच नकोस. बैलगाडी समज आणि सोडव."

"होडी ती होडीच ना, बाई."

"बरं, मग या होडीतलं कोणी हरवलेलं नाही असं समज."

"कोन सांगंल?" ती म्हणाली. "गनितात कुठं लिवलंय?"

गणितात काय दिलंय आणि काय दिलं नाही हे बघ, असं मीच तर रोज घोकून घेत होते. मी जरा आवाज चढवला, "कमळे, परीक्षकाला तुमची चाल माहीत नाही. एक वाढवलास तर गुण जातील. चार माणसं असली की चारानेच भागायचं."

त्या दिवसापासून बिघडलं. आधी निदान ती एक वाढवून उत्तर तरी लिहायची. आता होडी आली की पेन्सिल खाली ठेवायची आणि दाराकडे बघत बसायची. त्यापुढची गणितंही राहून जायची. वेळ संपली तरी हलायची नाही. हाक मारली की म्हणायची, "बाई, मी एकानं कमी करू? तुमी सांगा, करू?" आणि मला काही 'कर' म्हणवेना. त्या भागाकारात तिला बापाला पाण्यात ढकलावं लागत होतं, आणि पेन्सिल तिच्या हातात होती. मी पुष्कळ पोरांना गणितं शिकवली, पण या एका गणिताची रीत मला कोणी दिली नव्हती, आणि अजूनही मला ती ठाऊक नाही.

मी हिराबाईकडे गेले. म्हटलं, तुम्ही तरी सांगा तिला. हिराबाई सुकट उलथवत होती. "मी काय सांगू, बाई?" ती म्हणाली. "ती बोलेल आये, तूच कमी कर. मला हुईल काय?" मग तिने मला बसायला पाट दिला. दोन पाट शेजारी शेजारी मांडलेले होते. एकावर हात ठेवून ती म्हणाली, "ह्याच्यावर नको, त्याच्यावर बसा." मी बसले खरी, पण शेजारच्या पाटाकडे मला शेवटपर्यंत बघवलं नाही.

परीक्षा उन्हाळ्यात, तालुक्याच्या गावी. लाँचने तिला मीच घेऊन गेले. वाटेत मी होडीचं नाव काढलं नाही, तिनेही काढलं नाही. पाणी अगदी गुळगुळीत होतं. कमळी काठाला बसून बोटं पाण्यात सोडत होती, आणि मधूनच हात असा मुठीत धरल्यासारखा मिटत होती. मी म्हटलं, "आत घे तो हात." तिने घेतला.

गणिताचा पेपर सुरू झाला तशी मी बाहेर वडाच्या पारावर बसले. परीक्षेची खोली समोरच, खिडक्या उघड्या. कमळी खिडकीशेजारच्या बाकावर. दोघांच्या बाकावर परीक्षेसाठी एकेकालाच बसवलेलं. बराच वेळ ती भराभरा लिहीत होती. मग हात थांबला. मी मनात म्हटलं, आली होडी. तिने पेन खाली ठेवलं. ऊन चढत होतं, आणि ती नुसती बसून होती. मला आत धावत जाऊन तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. देवा, सांग रे तिला काहीतरी, असं मी म्हटलं, चक्क मोठ्याने म्हटलं. मग मी पाहिलं की ती बाकावर थोडी सरकली. शेजारी वळून तिने मान खाली घातली, जसं कोणी हळू आवाजात बोलत असलं की आपण कान देतो. खोलीतल्या मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, पण तिच्या शेजारी कोणीच नव्हतं, ते काय बोलणार? थोड्या वेळाने कमळीने पेन उचललं आणि घंटा होईपर्यंत लिहीत राहिली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "होडी आली होती?"

"आलती. सात मानसांची."

"मग?"

"सातानं भागलं."

मला इतका आनंद झाला की मी तिला तिथल्या तिथे मिठाई घेऊन दिली. ती मुलगी पास झाली, ट्रेनिंगला गेली, पुढे चांगली मास्तरीण झाली. माझ्यापेक्षाही चांगली, असं दिपोटी साहेबांनी मला तोंडावर ऐकवलं. पण त्या दिवशी परतताना लाँचमध्ये मी माझ्याच तोऱ्यात होते. मला वाटत होतं, माझ्या शिकवण्याला यश आलं. कोणत्या शिकवण्याला, ते माझं मलाच सांगता आलं नसतं. 'कसं आणलंस?' हे मी त्या दिवशी विचारलं नाही. का कोण जाणे, धीर झाला नाही.

ते विचारलं हिराबाईने. धक्क्यावर ती वाट बघत उभी होती. पेपर कसा गेला, सोपा की अवघड, असलं काही नाही. पोरीला उतरवून घेतानाच तिने विचारलं, "होडी आलती?"

"आलती, आये."

हिराबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "मंग? काढलास त्याला?"

"मी न्हाय काढला," कमळी म्हणाली. "मी त्यालाच इचारलं. बाजूला येऊन बसलावता ना. बोलला, मी या होडीत न्हाय गो. तू लिव."

लाँचवाला दोर सोडून निघून गेला. मला वाटलं हिराबाई आता हंबरडा फोडेल. तिने पदराने पोरीचं तोंड पुसलं, दोन्ही गाल पुसले, आणि अगदी हळू विचारलं, "थंडी वाजत व्हती काय गं त्याला?"

"न्हाय गो आये," कमळी म्हणाली. "कोरडा व्हता."